बाबांची २००५ ची होंडा सिटी: पासिंग करून ठेवावी की देऊन टाकावी?

वर्तकनगरची_लेक
नमस्कार मंडळी. प्रश्न गाडीचा आहे, पण त्यात बाबा गुंतलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबांनी २००५ च्या गणपतीत होंडा सिटी घेतली. चंदेरी, ठाण्याची एमएच-०४, आय-डीएसआय इंजिन, हाताने टाकायचे गिअर. २६ जुलैच्या पावसाला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. ताबा घ्यायला गेलो तेव्हा बाबांनी आधी मागच्या सीटखालचं कार्पेट उचलून नाक लावून वास घेतला, मग डिकीतली स्टेपनी काढायला लावून खालचा पत्रा बोटांनी चाचपला. गाडी पाण्यात उभी राहिलेली नाही याची खात्री पटल्यावरच सही केली. मी अकरावीत होते, लाजेने अर्धी झाले होते. आज तीच गोष्ट मी माझ्या मुलाला कौतुकाने सांगते.

रनिंग १,३८,००० किमी. पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर आणि रुपये डायरीत लिहायचे, हा बाबांचा पहिल्या दिवसापासूनचा नेम. अशा चार डायऱ्या झाल्यात. २०२० मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पाच वर्षांचं पासिंग करून घेतलं, ती मुदत या महिन्यात संपतेय.

सध्या गाडी सकाळी थंड असताना थरथरते आणि घोडबंदरला गायमुखच्या चढावर अडखळते. एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून पाच मिनिटांत सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल, पंचेचाळीस हजार. भाऊ पुण्याहून म्हणतो, देऊन टाक, किती दिवस ओढणार. बाबा ७३ वर्षांचे आहेत, मोतीबिंदूनंतर रात्री चालवत नाहीत. या विषयावर ते काहीच बोलत नाहीत. रविवारी उठून गाडी पुसतात आणि वर येतात.

जुनी होंडा सांभाळणाऱ्यांनी खरं ते सांगा. ठेवण्यात अर्थ आहे का?

खारीगावकर
ठेवा. आमची २००७ ची अजून खारेगाव ते महापे रोज जाते. पंचेचाळीस हजाराला दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

ऐरोलीचा_अभियंता
मी उलट बाजू मांडतो, ताई, रागावू नका.

पहिली गोष्ट खर्चाची. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते १०,००० केलं. त्यावर पर्यावरण कर वेगळा, नंबरप्लेट बदलली नसेल तर ती वेगळी.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १ जानेवारी २००९ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग या पेट्रोलला चालतात असं होंडाने स्वतः जाहीर केलंय. तुमची गाडी २००५ ची, म्हणजे त्या तारखेच्या आधीची.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट सुरक्षेची. तुमच्या मॉडेलला एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का ते आधी बघा. घोडबंदरला रात्री कंटेनरच्या रांगेतून लहान मुलाला घेऊन जाताना याचा विचार करायलाच हवा. गाडीवरची माया मला कळते, माझ्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी आम्ही अशीच रडत रडत दिली होती.

नेरूळचा_नंदू
२६ जुलैचा विषय निघाला म्हणून लिहितो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पाऊस झाला. माझी सिटी, तुमच्यासारखीच, दोन वर्षं जुनी, सानपाड्याला अडकली. पाणी बघता बघता हेडलाइटच्या वर आलं. मी किल्ली काढली, गाडी तिथेच सोडली आणि कमरेएवढ्या पाण्यातून नेरूळपर्यंत चालत आलो.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर गेलो. एअर फिल्टर ओला चिंब. मी किल्ली लावलीच नाही, टो करून नेली. मेकॅनिकने आठही प्लग काढून इंजिन फिरवलं, तेव्हा कारंज्यासारखं पाणी उडालं. ऑइल दोनदा बदललं, गाद्या महिनाभर गच्चीवर वाळवल्या आणि गाडी सुरू झाली. आमच्या शेजाऱ्यांची गाडी दुसऱ्या कंपनीची होती. त्यांनी घाईने जागेवरच सेल्फ मारला. सिलिंडरमधलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांचं तेच झालं.

त्या गाडीने पुढे चौदा वर्षं साथ दिली. तुमच्या बाबांनी कार्पेटचा वास घेतला ते शंभर टक्के बरोबर केलं. त्या वर्षी बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्या.

टॅपेट_ताई
वर्तकनगर, इंजिन उतरवू नकोस. आधी हे वाच.

तुझं इंजिन आय-डीएसआय आहे. चार सिलिंडर, पण प्लग आठ, प्रत्येक सिलिंडरला दोन. इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि भाराप्रमाणे त्या दोन ठिणग्या कधी एकदम पडतात, कधी किंचित मागेपुढे. दोन जागांहून पेटल्यामुळे मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं, म्हणून ही गाडी ७७ अश्वशक्तीचीच असूनही अ‍ॅव्हरेजला सरस.

आता खरी मेख. पुढचे चार प्लग बोनेट उघडताच हाताशी येतात. मागचे चार काचेच्या बाजूला, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, चिकटून. तिथे पोचायला वायपरचे दांडे काढायचे, मग काचेखालची काळी जाळी काढायची, मग मान वाकडी करून लांब सॉकेट घालायचा. एवढी खटपट नको म्हणून पुष्कळ गॅरेजवाले पुढचे चार बदलतात आणि मागच्यांना हात लावत नाहीत. गाडी तरी चालते, कारण प्रत्येक सिलिंडरला एक प्लग जिवंत असतोच, आणि म्हणूनच दोष लपून राहतो. थंडीत थरथर, चढावर अडखळणं, अ‍ॅव्हरेज हळूहळू खाली येणं ही सगळी लक्षणं तिथली असू शकतात.

आठही प्लग काढून ओळीने कागदावर मांडायला सांग. प्लगला वीज पुरवणाऱ्या आठही कॉइल तपास. आणि टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हवरची बारीक फट जुळवणं) शेवटचं कधी झालं ते बाबांच्या डायरीत शोध. होंडाच्या या इंजिनात टॅपेट आपोआप जुळत नाहीत, स्क्रू आणि नट असतो, फिलर गेज घालून गॅप लावावी लागते, तीही इंजिन पूर्ण थंड असताना. सकाळी गाडी ठेवून संध्याकाळी नेतो म्हणणाऱ्याला रात्रभर गाडी उभी ठेवायला सांगायचं. टायमिंग चेन आहे, पट्टा नाही, त्यामुळे ती चिंता नाही.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजल्याशिवाय इंजिन उतरवा म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नकोस.

पामबीच_पथिक
टॅपेट ताईंच्या बोलण्याला माझी पुस्ती. माझी त्याच पिढीची, पण सीव्हीटी, म्हणजे एक प्रकारची ऑटोमॅटिक. एका गॅरेजवाल्याने 'ऑइल ते ऑइल' म्हणून साधं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल भरलं. दुसऱ्या दिवसापासून सिग्नलवरून सुटताना गाडी अशी हादरायची की मागे बसलेल्या आईला वाटायचं भूकंप झाला. सीव्हीटीला तिचंच तेल लागतं. दोनदा काढून योग्य तेल भरल्यावर हादरे गेले. माझे आठ हजार आणि दीड महिना गेला.

सुझुकीप्रेमी_कळवा
एवढे आठ प्लग, वायपर काढा, जाळी काढा, विशिष्ट तेल शोधा... माझी वॅगन-आर बघा. कळवा नाक्यावर कोणीही दुरुस्त करतो, पार्ट गल्लोगल्ली मिळतो. मध्यमवर्गीयाने गाडी घ्यायची ती सुझुकीचीच.

बेलापूरचे_काका
सुझुकीप्रेमी, भांडण घरातलंच आहे बरं का! सुझुकीचा जन्म जपानच्या हमामात्सुचा, मिचिओ सुझुकींनी १९०९ मध्ये तिथे हातमाग आणि यंत्रमाग बनवायला सुरुवात केली. यामाहा त्याच गावची. आणि सोइचिरो होंडा त्याच गावाजवळच्या खेड्यातले, १९०६ चा जन्म, लोहाराचा मुलगा. मागच्या पिढीत ठाण्याच्या एमआयडीसीत काम केलेल्यांना हे वातावरण ओळखीचं वाटेल. एकाच्या भट्टीशेजारी दुसऱ्याचं लेथ आणि सगळ्यांच्या नखांत ग्रीस.

मी आयुष्यभर मशिन शॉपमध्ये काढलं, म्हणून होंडांची पिस्टन रिंगची गोष्ट मला फार जवळची वाटते. युद्धाआधी ते पिस्टन रिंग बनवायला लागले. टोयोटाने तपासायला घेतलेल्या पन्नास रिंगांपैकी तीनच पास झाल्या. धातूचं शास्त्र आपल्याला येत नाही हे त्यांनी मान्य केलं आणि तिशीच्या वयात, कारखाना चालवता चालवता, हमामात्सुच्या तंत्रशाळेत पोरांबरोबर बाकावर जाऊन बसले. रिंग जमल्यावरच थांबले.

युद्धानंतर १९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस संचांची छोटी जनरेटर इंजिनं पडून होती. ती त्यांनी सायकलला जोडली. पेट्रोलची टाकी म्हणून आधी गरम पाण्याने शेकायची पिशवी-बाटली वापरली! आणि रस्त्यावर चालवून बघायला दिली ती पत्नी साचींना. १९४८ मध्ये कंपनी झाली, १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा आले. यंत्र होंडांनी बघायचं, पैसा आणि विक्री फुजिसावांनी. दोघं १९७३ मध्ये एकत्रच निवृत्त झाले.

पण माझ्या मते होंडाचं सगळ्यात मोठं काम सीव्हीसीसी इंजिन. अमेरिकेने १९७० मध्ये प्रदूषणाचा कायदा इतका कडक केला की तिथल्या मोठ्या कंपन्या म्हणत होत्या, हे शक्य नाही. होंडाच्या तरुण इंजिनिअरांनी मुख्य सिलिंडरजवळ एक छोटी खोली काढली. त्या खोलीत पेट्रोल जास्त असलेलं मिश्रण आधी पेटवायचं आणि त्या ज्वाळेने मोठ्या खोलीतलं पातळ मिश्रण जाळायचं. धूर स्वच्छ करणारं उत्प्रेरक नळकांडं (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) न लावता गाडी त्या कसोटीला उतरली. लहान इंजिनातच जमतं असं कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी अमेरिकेची एक मोठी आठ सिलिंडरची शेव्हरोले इम्पाला घेतली, तिच्यावर हेच बसवलं आणि तीही पास करून दाखवली.

म्हणून सांगतो, या कंपनीच्या इंजिनाला उतरवायच्या आधी समजून घ्यावं.

विटाव्याचा_व्हीटेक
काका, साष्टांग! आता माझीही थोडी भर.

माझ्याकडे पहिल्या पिढीची सिटी आहे, दीड लिटर व्हीटेक, १०६ अश्वशक्ती. भारतात सिटी आली जानेवारी १९९८ मध्ये, ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून. तो कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला, आता सिटी राजस्थानात तापुकऱ्याला बनते. सिटी हे नाव मात्र त्याहून जुनं. १९८१ मध्ये जपानात एक आखूड पण उंच सिटी निघाली होती आणि तिच्या डिकीत मावेल अशी घडीची मोटोकॉम्पो नावाची मोटरसायकल विकत मिळायची. गाडी पार्क करा, दुचाकी काढा आणि बाजारात जा. ठाण्याच्या गोखले रोडला आजही हेच लागेल!

व्हीटेक म्हणजे एकाच इंजिनात दोन स्वभाव. कॅमशाफ्टवर शांत चालीचा एक उंचवटा आणि जोराच्या चालीचा दुसरा. वेग वाढला की ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते आणि व्हॉल्व्ह मोठ्या उंचवट्यावर चालायला लागतात, जास्त उघडतात. पहाटे पाचला नवी मुंबईच्या पामबीच रोडवर मी एकदा बाबांना शेजारी बसवून तो आवाज ऐकवला होता. ते म्हणाले, "पुन्हा कर."

सुझुकीप्रेमी_कळवा
काकांचं हमामात्सु मला माहीतच नव्हतं. मग वॅगन-आर आणि सिटी चुलत बहिणी झाल्या. तरी पार्टचा मुद्दा माझा कायम. २००५ च्या सिटीचा हेडलाइट फुटला तर कुठे शोधणार?

खारीगावकर
कुर्ला, सीएसटी रोड. सकाळी अकराच्या आत जायचं, जुना तुकडा बरोबर न्यायचा आणि तिथल्या माणसाला मॉडेलचं साल सांगायचं नाही, तुकडाच दाखवायचा. मला मागच्या दाराचं हँडल तिथेच मिळालं. आणि आता मोटारींना ऐरोली-मुलुंडचा टोलही नाही, ऑक्टोबर २०२४ पासून.

सीवूड्सची_सून
आमच्या घरी होंडा म्हणजे सासऱ्यांची कायनेटिक होंडा. बटण दाबलं की सुरू आणि गिअर नाही. सासूबाई साडी नेसून तिच्यावर वाशीच्या एपीएमसीत जायच्या, त्या काळात बायका बघत राहायच्या. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकबरोबर होंडाची भागीदारी १९८४ ची, त्याच वर्षी हिरोबरोबर हिरो होंडाची. आपल्यापैकी कितीतरी घरांत होंडा आधी दोन चाकांवर आली. सिटी नंतरची.

वर्तकनगर ताई, तुमच्या बाबांना एकदा विचारा ना त्यांना काय हवंय. धाग्यात सगळे बोलले, ते सोडून.

ऐरोलीचा_अभियंता
सीवूड्स, बरोबर. आणि मी आधी फक्त विकायची कारणं दिली, तर ठेवायची असेल तर काय करावं तेही सांगतो.

जगभर टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचे इन्फ्लेटर (पिशवी फुगवणारे भाग) सदोष निघाले, दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते फुटताना धातूचे तुकडे उडवू शकतात. होंडाने भारतातही जुन्या सिटी, सिविक, जॅझ, सीआर-व्ही बोलावून ते फुकट बदलून दिलेत. तुमच्या गाडीला एअरबॅग असेल तर चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून बघा. आपल्या खाडीकाठच्या हवेत हे टाळू नका.

पेट्रोलचं म्हणाल तर इंजिनाकडच्या रबरी नळ्या बदलून इथेनॉलला टिकणाऱ्या घाला. टाकी भरून गाडी महिना महिना उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

टॅपेट_ताई
अभियंता, अगदी मनातलं बोललात. मी एक वाढवते: नळ्या घालताना क्लिपही नव्या घाला.

वर्तकनगरची_लेक
मंडळी, आठ दिवसांनी येतेय, सगळ्यांचं वाचलं. बाबांनीही वाचलं, चष्मा लावून, काकांची पोस्ट दोनदा.

टॅपेट ताई, मुलुंडच्या एका जुन्या मेकॅनिककडे गाडी रात्रभर ठेवली. सकाळी बाबा आणि मी दोघंही समोर उभे राहिलो. त्यांनी वायपर काढले, जाळी काढली आणि वर्तमानपत्रावर आठ प्लग दोन ओळींत मांडले. पुढचे चार राखाडी, स्वच्छ. मागच्या चारांवर गंजाचा तांबडा थर, एकाचं टोक झिजून गोल झालेलं, दुसऱ्याचं पांढरं चिनीमातीचं अंग तडकलेलं. बाबांनी खिशातून डायरी काढली. २०१९ ची नोंद होती, एका गॅरेजचं बिल, 'प्लग ८ नग'. बाबा बराच वेळ त्या ओळीकडे बघत होते. मग म्हणाले, "मी समोर उभा राहायला हवं होतं."

एक कॉइलही गेली होती. टॅपेट लावले, नळ्या बदलल्या. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरना जवळजवळ सारखं आलं. सगळे मिळून साडेआठ हजार.

येताना मुद्दाम घोडबंदरने गेलो. मी चालवत होते, बाबा शेजारी, काच खाली करून कान बाहेर. गायमुखच्या चढाला मी सवयीने दुसऱ्यावर आणायला गेले तर म्हणाले, "तिसऱ्यावरच राहू दे, ओढेल." ओढली.

सीवूड्स ताई, त्यांना विचारलं. म्हणाले, रात्री आणि लांबच्या प्रवासाला तुझी गाडी ने, मुलाला तिच्यातच बसव. ही सकाळची, मला तलावपाळीपर्यंत आणि बँकेत जायला. म्हणजे अभियंतांचा मुद्दाही त्यांनी मानलाय. एअरबॅग आमच्या मॉडेलला नाहीच. दहा हजार भरून पासिंगचा अर्ज केलाय. भावाला फोटो पाठवले, वर्तमानपत्रावरच्या आठ प्लगांचे. तो म्हणाला, मागचे चार फेकू नका, मला हवेत.

नेरूळचा_नंदू
वा! डोळ्यांत पाणी आणलंत. बाबांना म्हणावं डिकीच्या दाराचं रबर पण बघा, आमचं तिथूनच पाणी झिरपायचं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साठायचं.

वर्तकनगरची_लेक
नंदू दादा, सांगितलं. लगेच खाली गेलेत, टॉर्च घेऊन.

विटाव्याचा_व्हीटेक
पासिंग झालं की कळवा. एका रविवारी सकाळी सातला पामबीचला मी माझी घेऊन येतो, बाबांना व्हीटेक ऐकवायचंय. डायऱ्या आणायला सांगा, मला २००५ चं अ‍ॅव्हरेज बघायचंय.

वर्तकनगरची_लेक
बाबा विचारतायत, सातला की साडेसहाला? साडेसहाला रस्ता मोकळा असतो म्हणे.